डिपस्टिकवर लेव्हल वाढतेय? मग ऑइलचा ग्रेड नंतर बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बीएस-6, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांचा, टिपर आहे, खाणीतून क्रशरवर डबर ओढतो. सर्व्हिस सेंटर सीके-4 (हा ऑइलचा दर्जा) 15डब्ल्यू40 (हा दाटपणा, पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरम इंजिनातला) सांगतंय, गावातला मिस्त्री म्हणतो धुळीची आणि उन्हाची गाडी आहे, 20डब्ल्यू50 टाका. कोणाचं ऐकू? याचं उत्तर चार ओळींत देता येतं. पण तुम्ही शेवटी सहज एक वाक्य लिहून गेलात : "गाडी ऑइल अजिबात खात नाही, उलट लेव्हल थोडी वरच दिसते." लेव्हल म्हणजे डिपस्टिकवरची, इंजिनातलं ऑइल मोजायच्या काडीवरची. त्या वाक्यापाशी मी थांबलो. हेच वाक्य माझ्या ड्रायव्हरने मला फोनवर सांगितलं होतं आणि मी खूश होऊन त्याला म्हणालो होतो, "मग चांगलंय की." त्या 'चांगलंय की'चे मला 3 लाख 40 हजार पडले.

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही, दोन टिपरचा मालक आहे. माझी गाडी आणि तुमची गाडी एकच असेल असंही नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअल खरं, मी खोटा.

ग्रेडच्या आकड्यांत याहून खोल जात नाही. मूळ गोष्टीवर येतो.

आमचं काम शिरवळ पट्ट्यातलं. दिवसभर खाण ते क्रशर, तीन किलोमीटरचा फेरा, आणि अधूनमधून क्रश सँड भरून खंबाटकी घाट चढून साताऱ्याकडे. बीएस-6 गाडी 2021 मध्ये घेतली. त्याआधी जुन्या गाड्याच वापरल्या होत्या. लोडरपुढे लाइन लागली की इंजिन बंद करायचं, असा माझा नियम होता. डिझेल वाचतं ना! ड्रायव्हरलाही तशी सक्त ताकीद.

आता नव्या गाडीत सायलेन्सरच्या जागी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बसलेला असतो. त्यात काजळी साठते आणि गाडी ती ठरावीक वेळाने स्वतःच जाळते, म्हणजे रिजनरेशन. त्यासाठी एक्झॉस्ट 600 डिग्रीच्या आसपास तापवावा लागतो. हायवेवर गाडी सलग पळते, तिथे हे कोणाला कळतही नाही. तीन किलोमीटरच्या फेऱ्यात मात्र एक्झॉस्ट तापेपर्यंत गाडी क्रशरवर पोचलेली असते. ताप वाढवायला बऱ्याच इंजिनांत पॉवर स्ट्रोक संपत आल्यावर सिलिंडरमध्ये जादा डिझेल मारलं जातं. ते सगळं एक्झॉस्टमध्ये जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या बाजूने खाली उतरतं, थेट ऑइलमध्ये. मग ड्रायव्हर माझ्या नियमाप्रमाणे मध्येच इंजिन बंद करायचा. रिजनरेशन अर्धवट. पुढच्या फेऱ्यात गाडी परत पहिल्यापासून सुरू करायची, परत डिझेल खाली. दिवसातून कितीदा, देव जाणे.

म्हणजे इंजिनाखालच्या चेंबरमध्ये ऑइल वाढत नव्हतं, डिझेल वाढत होतं आणि ऑइल पातळ होत होतं. आणि मी समजत होतो इंजिन नवं आहे, टाइट आहे, ऑइल खात नाही.

एका दुपारी खंबाटकी चढून वर गाडी थांबवली आणि आयडलवर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरने रेस दिली, दिवा गेला. सोडली, परत आला. त्याने फोन केला, मी म्हटलं सेन्सर असेल, हळू ये. (ही दुसरी चूक, पण पहिलीपुढे किरकोळ.) दोन दिवसांनी खालून टकटक सुरू झाली. इंजिन उघडलं तर शेल बेअरिंगचा तांब्याचा थर दिसत होता, क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये जिथे फिरतो त्या दोन जर्नलवर ओरखडे. क्रँक ग्राइंडिंगला, टर्बोही सोबत.

ऑइलचा नमुना मी पुण्यातल्या एका लॅबला दिला. खर्च दीड हजाराच्या आत. ही गोष्ट आधी केली असती तर हा सगळा निबंध लिहावा लागला नसता. 40 ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा 100 डिग्रीला किमान 12.5 सेंटिस्टोक लागतो. माझा आला 9.6. डिझेल 8 टक्के. शिसं भरपूर, म्हणजे बेअरिंग झिजल्याचा पुरावा. सिलिकॉन मात्र बऱ्यापैकी आटोक्यात, म्हणजे सगळे ज्या धुळीला दोष देत होते तिने इंजिन खाल्लं नव्हतं.

आता वॉरंटी. गाडी वॉरंटीत होती म्हणून मी निर्धास्त होतो. ज्या ऑफिसात क्लेम गेला त्याचं नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या आठवड्यात सांगितलं, फाइल वर पाठवली. दुसऱ्या आठवड्यात, वरून फोटो मागितलेत. तिसऱ्या आठवड्यात जे फोटो मी दिले होते तेच परत मागितले, कारण 'सिस्टीममध्ये दिसत नाहीत'. मग एक दिवस एका ओळीचा मेल : शिफारस केलेलं ऑइल वापरलेलं नाही, क्लेम नामंजूर.

आणि इथे माझीच चूक होती, हे कबूल करतो. जुन्या गाड्यांसाठी आणलेल्या बॅरलमध्ये अर्धं सीआय-4 प्लस, म्हणजे जुन्या दर्जाचं ऑइल, उरलं होतं. एका सर्व्हिसला तेच टाकून दिलं. चांगलं ऑइल होतं, नामांकित होतं, वाया कशाला घालवायचं? फिल्टर त्यांच्याकडून घेतला, त्याच्या बिलावर मी भोळेपणाने 'ऑइल स्वतःचं' असं लिहून घेतलं होतं. तेच बिल त्यांनी मला दाखवलं. इंजिन गेलं डिझेल मिसळल्यामुळे, क्लेम गेला ऑइलच्या ग्रेडमुळे. त्याच वर्कशॉपने त्याआधी दोनदा लॅपटॉप लावून जबरदस्तीचं रिजनरेशन केलं होतं, जॉब कार्डावर फक्त 'डीपीएफ तक्रार, काम केले'. ऑइल लेव्हल बघा, ऑइल बदला, असं एका माणसाने सांगितलं नाही. हे मी तीन वेळा लिहून विचारलं, उत्तर आजतागायत नाही. 52 दिवस गाडी उभी, हप्ता चालू, ड्रायव्हर दुसऱ्याकडे गेला. ग्राहक आयोगात जावं म्हटलं तर वकील म्हणाले, दोन गाड्या आहेत, समोरचे 'व्यावसायिक वापर' म्हणून अडवणार, स्वतःच्या उपजीविकेसाठी आहे हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. सोडून दिलं.

असो. आता तुमचा ग्रेड.

15डब्ल्यू40, सीके-4, आणि त्याच्यावर तुमच्या गाडीच्या कंपनीचा मंजुरी क्रमांक छापलेला असेल तो. विषय संपला. मिस्त्री सीके-4 ला 'हलकं' म्हणतील, माझेही म्हणायचे. त्यांचा अनुभव खोटा नाही, पण तो जुन्या डिझेलवरचा आहे. बीएस-3 च्या काळात डिझेलमध्ये गंधक 350 पीपीएमपर्यंत (दहा लाखांत 350 भाग) चालायचं, त्यातून आम्ल तयार व्हायचं, ते मारायला ऑइलमध्ये क्षार जास्त लागायचे. आज ते 10 पीपीएमच्या आत आहे. तेवढ्या दारूगोळ्याची गरजच उरली नाही. उलट त्या जादा क्षारांतल्या कॅल्शियमची राख होते आणि राख डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी जळते, राख जळत नाही. ती भरत गेली की डीपीएफ काढून साफ करणं, नाहीतर नवा, आणि नव्याची किंमत एकदा विचारून बघा. सीके-4 मध्ये राखेला 1 टक्क्याची मर्यादा आहे, सीआय-4 ला अशी मर्यादा नव्हती. सीके-4 जुन्या गाडीत चालतं, जुनं नव्यात नाही. म्हणून आता माझ्याकडे एकच बॅरल असतं. एफए-4 लिहिलेलं काही कोणी स्वस्तात देऊ केलं तर हात लावू नका, ते मुद्दाम पातळ केलेलं असतं, आपल्या इंजिनांसाठी नाही.

20डब्ल्यू50 बद्दल : थंडीचा मुद्दा आपल्याकडे नाहीच, 15डब्ल्यू आणि 20डब्ल्यू मधला फरक शून्याच्या खाली कळतो, आपल्या घाटावर नाही. प्रश्न 50 चा. जाड ऑइलने प्रेशर गेज वर दिसेल, मिस्त्रीला बरं वाटेल, आणि डिझेल तर आत उतरतच राहील. आजार तसाच, फक्त थर्मामीटर बदलला. शिवाय सकाळी स्टार्टला जाड ऑइल टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. आणि वॉरंटीवाल्यांना आयतं कारण. माझं बघितलंत ना.

ऑइल बदलायला किलोमीटर मोजणं बंद करा. माझ्या गाडीने 20,000 किलोमीटर केले तेव्हा आवर मीटर, म्हणजे इंजिन चाललेले तास मोजणारा, 1,900 तास दाखवत होता. हायवेच्या गाडीने तेवढ्या तासांत लाखाच्या आसपास मजल मारली असती. टिपरसाठी बऱ्याच मॅन्युअलमध्ये तासांचं वेगळं पान असतं, ते कोणी उघडत नाही, मीही नव्हतं उघडलं. मी आता 400 तासांना बदलतो. कोणी म्हणेल फार लवकर. असेल. 19 लिटर ऑइल आणि क्रँक ग्राइंडिंग यांची बिलं शेजारी ठेवून ज्याचं त्याने ठरवावं.

ड्रायव्हरला एवढंच समजावा : रिजनरेशनचा दिवा चालू असेल तर इंजिन बंद नाही, आणि डिझेल वाचवायला ते थांबवायचं बटण तर अजिबात नाही. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला अर्धा-पाऊण तास सलग पळवा, नाहीतर उभं करून रिजनरेशन करा. पण उभं करताना खाली बघा! ऊसतोडीच्या दिवसांत शेतालगत गाडी उभी केली आणि खाली पाचट असलं तर काय होईल ते सांगायला नको.

एअर फिल्टरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, क्रशरवर रोज संध्याकाळी कॉम्प्रेसरने फुंकायची पद्धत आहे. जोराच्या हवेने कागद फाटतो, डोळ्याला दिसत नाही, मग धूळ सरळ आत. डॅशवर चोक झाल्याचा इशारा येईपर्यंत हात लावू नका, आला की नवा टाका. आतला छोटा फिल्टर तर साफ करायचाच नाही, बदलायचा. आमच्याकडचे अर्धे लोक यावर माझ्याशी भांडतात.

ऑइल सीलबंद बादलीतलं घ्या, पक्कं बिल घ्या, बिलावर ग्रेड पूर्ण लिहून घ्या. रिकामी बादली भंगारात देण्याआधी तिला भोक पाडा, नाहीतर तीच भरून परत तुम्हाला विकली जाईल. घर्षण कमी करणाऱ्या बाटल्या कोणी देत असेल तर चहा पाजून पाठवा.

आता तुमच्यासाठी : उद्या सकाळी पहिल्या फेऱ्याआधी, गाडी सपाटीला, रात्रभर थंड झालेली असताना डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. लेव्हल वरच्या खुणेच्या वर असेल तर काडीचा वास घ्या. डिझेलचा वास आला तर त्या दिवशी गाडी घाटात घालू नका, ऑइल-फिल्टर बदला, आणि काढलेल्यातलं पाव लिटर स्वच्छ बाटलीत तारीख आणि तास लिहून ठेवा, लॅबला द्यायला. डिपस्टिकचा आणि आवर मीटरचा फोटो इथे टाका. मी रात्री नऊनंतर बघतो.