पहिल्यांदा तांबडा करतोयस तर

भावा, रात्रीच्या जेवणाला कोल्हापुरी तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण आणि भाकरी एकदम करायचा तुझा बेत वाचला. हौस दांडगी आहे, पण पहिल्या खेपेला फक्त तांबडा कर. भाकरी सरळ विकत आण, त्यात कसली लाज?

अर्धा किलो मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळ, तेलावर परत आणि गरम पाणी घालून शिजव. मटण शिजलेलं हे पाणी, ज्याला अळणी पाणी म्हणतात, म्हणजे रश्श्याचा जीव. एक थेंबही ओतून देऊ नकोस.

नवीन माणूस हमखास चुकतो ते इथे:

- वाटण कच्चं राहतं. कांदा, सुकं खोबरं, तीळ, खसखस भाजून वाटलं तरी कढईत तेल सुटेपर्यंत परतावंच लागतं. हात दुखू देत. माझा पहिला रस्सा इथंच फसला होता. सासऱ्यांनी काही न बोलता दही मागून घेतलं!
- कोल्हापुरी म्हणजे नुसता जाळ, असं समजून तिखट ओततात. रंग ब्याडगी मिरची देते, झणका संकेश्वरी मिरची. दोन चमचे कांदा-लसूण मसाल्यानं सुरुवात कर. त्यात बहुतेक मीठ असतंच, म्हणून वरचं मीठ शेवटी, चाखून.
- रस्सा दाट करतात. तो वाटीनं पिता आला पाहिजे.

पांढऱ्याचं पुढच्या रविवारी बघू. तोवर एवढंच लक्षात ठेव: नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळलंस की फाटलंच.