ॲडव्हान्स घेण्याआधी

फोंडा, गोवा

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

हुकूमशाही असलेल्या त्या देशात गाण्यासाठी आलेलं, तू पाठवलेलं करारपत्र वाचलं. बिदागी भरघोस, विमान-हॉटेल त्यांचं, गाणी फक्त सहा. पावसाळ्यात कळंगुटची हॉटेलं ओस पडलेली असताना अशी सुपारी आली की नाही म्हणवत नाही, हे कळतं. पण निमंत्रक म्हणून एका बांधकाम कंपनीचं नाव आहे आणि ती कंपनी कोणाची, हे पाच पानांत कुठेच नाही. हुकूमशहा सहसा स्वतः करारावर सही करत नाही. 2013 मध्ये अमेरिकन गायिका जेनिफर लोपेझ तुर्कमेनिस्तानात गेली ती चीनच्या सरकारी तेल कंपनीच्या कार्यक्रमाला. स्टेजवर जायच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षांसाठी वाढदिवसाच्या शुभेच्छांची विनंती आली. तिने त्या गाऊन दिल्या, आणि जगभर बातमी झाली ती तेवढ्याचीच.

तेव्हा आधी दोन गोष्टी मागून घे: पैसे ज्या खात्यातून येणार त्या खातेदाराचं नाव आणि निमंत्रणपत्रिकेचा मजकूर. मग तारीख तपास. सत्ताधाऱ्याचा वाढदिवस, सत्ता बळकावल्याचा दिवस, पक्षाचा वर्धापनदिन, सगळं पाहा. 5 ऑक्टोबर 2011 ला हॉलिवूडची अभिनेत्री हिलरी स्वँक रशियातल्या चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझनीच्या सोहळ्यात होती. वरकरणी शहराचा उत्सव, पण त्याच दिवशी चेचन्याचे सत्ताधारी रमझान कादिरोव 35 वर्षांचे झाले होते. पुढे तिला माफी मागावी लागली. जन्मतारीख शोधायला मिनिटही लागत नाही, म्हणून ‘मला ठाऊक नव्हतं’ हे कोणी ऐकून घेत नाही.

गाण्यांची यादी करारालाच जोड आणि त्या पानावर दोघांच्या सह्या घे. खाली स्पष्ट लिही: यादीबाहेरचं गाणं, घोषणा, शुभेच्छा वा अभिवादन नाही. गाण्यांचे शब्द भाषांतर करून आधी मागितले, तर ती सेन्सॉरशिपच, नाव काहीही देवोत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत 1961 पर्यंत गोव्याने ती पुरती भोगली आहे.

सातवं कलम पुन्हा वाच. ‘सर्व चित्रीकरणाचे कायमस्वरूपी हक्क आयोजकांकडे.’ खरा सौदा हाच आहे. तुझं गाणं तासाभरात संपेल, नेत्याशेजारी हसणारा तुझा चेहरा सरकारी वाहिनीवर वर्षानुवर्षं फिरेल. वापर त्या कार्यक्रमापुरता, मुदत 30 दिवस, सरकारी वा पक्षीय प्रचाराला मनाई, असं बदलून माग. बदल नाकारला, तर तुला कशासाठी बोलावलंय ते उघड झालं.

निम्मी बिदागी निघण्याआधी खात्यात, उरलेली स्टेजवर चढण्याआधी. रोख नाही, पाकीट नाही, नेत्याच्या हातून घड्याळ तर नाहीच. निमंत्रक बदलला तर ॲडव्हान्स न परतवता माघार घेता येईल, असं कलम घाल. परतीचं तिकीट तुझ्या ताब्यात हवं. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे; आयोजकाला फक्त झेरॉक्स दे.

‘मी कलाकार, राजकारणाशी माझा संबंध नाही’ हे तू लिहिलंयस. स्वीडनची गायिका-अभिनेत्री झारा लेआंडरचंही तेच म्हणणं होतं. 1936 मध्ये बर्लिनच्या ऊफा या चित्रपट कंपनीशी करार करताना तिने बिदागीचा मोठा हिस्सा स्वीडिश क्रोनरमध्ये ठरवून घेतला. जर्मन नागरिकत्वही घेतलं नाही. व्यवहारात पक्की बाई! तरी 1942 च्या चित्रपटातली तिची गाणी नाझींच्या युद्धकाळात लोकांचा धीर टिकवायला कामी आली, आणि 1943 मध्ये ती मायदेशी परतली तेव्हा तिथला रंगमंच काही वर्षं तिला बंदच होता. नंतर बिदागी दान करूनही फारसं निभत नाही. कॅनडाची गायिका नेली फर्टाडोने लिबियाच्या हुकूमशहा गद्दाफीच्या कुटुंबाकडून 2007 मध्ये घेतलेले दहा लाख डॉलर दान करायचं जाहीर केलं ते 2011 मध्ये, त्यांची सत्ता डळमळल्यावर.

तिथे जाऊन स्टेजवरून दोन खडे बोल सुनवीन, असा विचार असेल तर तोही सोड. तू दुसऱ्या दिवशी दाबोळी विमानतळावर उतरशील. माईकवाला, दुभाषा, गाडीवाला तिथेच राहतील आणि चौकशी त्यांची होईल. नकार द्यायचा तो इथूनच, लेखी, कारणासकट.

त्यांनी सोमवारपर्यंत सही मागितली आहे. आज फक्त खातेदाराचं नाव विचारणारा मेल पाठव. उत्तर आलं की मला दाखव.

कळावे.