मुलींच्या पथकासाठी सोपे, कमी खर्चाचे उपक्रम कोणते?

मी सगळ्यात आधी मैत्रीचे धागे, म्हणजे मैत्रिणीच्या मनगटावर बांधायचे विणलेले गोफ, सुचवेन. पुठ्ठ्याची तळहाताएवढी चकती कापा, मध्ये भोक पाडा (हे काम मोठ्यांनी करावं) आणि कडेला सारख्या अंतरावर ८ खाचा द्या. लोकरीच्या ७ धाग्यांची टोकं एकत्र गाठून गाठ भोकातून खाली सोडा, मग एकेक धागा एकेका खाचेत अडकवा. एक खाच रिकामी राहते. तिच्यापासून तिसरा धागा उचलून रिकाम्या खाचेत बसवायचा, चकती फिरवायची, पुन्हा तेच. मोजायची दिशा कधीच बदलायची नाही, नाहीतर वीण बिघडते. हात बसला की मुली गप्पा मारत विणतात, मला तेच सर्वांत मोलाचं वाटतं.

पानांचे ठसेही घ्या. रंग मागच्या, शिरा उठलेल्या बाजूला लावा.