कारीवरचा पहिला दिवस

कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर, म्हणजे रेसिंगच्या ट्रॅकवर, गाडी चालवायला पहिल्यांदाच निघालायस, मनापासून शुभेच्छा! ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, त्यामुळे वळणं पटापट अंगावर येतात. सध्या एवढंच सांभाळ:

- पातळ तळाचे, घट्ट बसणारे बूट घाल. जाड तळ असला की ब्रेकचा दाब पायाला कळतच नाही.
- ट्रॅकच्या कडेला इशाऱ्यासाठी दाखवतात ते झेंडे पाठ कर. पिवळा दिसला की वेग कमी, ओव्हरटेक नाही.

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे वळणात शिरल्यावर ब्रेक दाबणं. गाडीचा मागचा भाग हलका होतो आणि ती गर्रकन फिरते. ब्रेक सरळ रेषेतच उरक, मग स्टिअरिंग. नजर वळण जिथं संपतं तिथं ठेव. हात आपोआप तिकडे जातात. हील-अँड-टो (गिअर उतरवताना एकाच पायानं ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर सांभाळणं) नंतर बघू. आणि पहिल्या दिवशी लॅप टाइम (एका फेरीला लागलेला वेळ) विचारूच नकोस.