परिचारिकेने आरोग्यसेवा प्रशासनात पदव्युत्तर शिक्षण घ्यावे का?

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. बी.एस्सी. नर्सिंगनंतर तुम्ही आठ वर्षे अतिदक्षता विभागात काम करत आहात, त्यातील अलीकडची दोन वर्षे इन्चार्ज सिस्टर म्हणून, आणि आता आरोग्यसेवा प्रशासन व नेतृत्व या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याचा विचार आहे. घरच्यांचा आग्रह एमबीएचा आहे, एका वरिष्ठ डॉक्टरांनी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी) सुचवले आहे, तुम्हाला स्वतःला हिशेबाच्या विषयांची धास्ती वाटते, आणि नोकरी सोडावी की सांभाळून शिकावे हेही ठरत नाही. शेवटी तुम्ही विचारले आहे की नेतृत्व ही वर्गात शिकवण्यासारखी गोष्ट आहे का. माझ्या मते पत्रातील खरा प्रश्न हाच आहे, म्हणून पदव्यांच्या नावांचा गोंधळ आधी थोडक्यात दूर करते.

एमएचए, म्हणजे आरोग्यसेवा प्रशासनातील पदव्युत्तर पदवी, ही रुग्णालय किंवा आरोग्यसंस्था आतून चालवण्यासाठी आहे. मनुष्यबळ, खर्च, गुणवत्ता, कायदा आणि माहिती व्यवस्थापन हे तिचे मुख्य विषय. एमपीएचचा रोख संपूर्ण लोकसमूहाच्या आरोग्यावर असतो आणि तिथे साथरोगशास्त्र व जीवसांख्यिकी यांना अधिक वजन असते. एमबीए केल्यास विमा, औषधनिर्मिती, सल्लागार संस्था अशी इतर दारेही उघडी राहतात, मात्र आरोग्यसेवेचे विषय बहुधा ऐच्छिक म्हणून वाट्याला येतात. याखेरीज नर्सिंग प्रशासनातील पदव्युत्तर अभ्यासक्रमही असतात, आणि परिचर्या विभागाच्या प्रमुखपदापर्यंतच जायचे असेल तर तो मार्ग अधिक सरळ आहे. तुमच्या पत्रातील तक्रारी मात्र परिचर्येपुरत्या नाहीत. खाट मिळण्यास होणारा उशीर, विभागाविभागांतील विसंवाद, वॉर्ड न पाहिलेल्या माणसांनी घेतलेले निर्णय, हे सगळे संपूर्ण संस्थेचे प्रश्न आहेत, त्यामुळे मी एमएचएच्या बाजूने आहे.

हिशेबाची धास्ती बाळगू नका. या अभ्यासक्रमाचा पाया असलेले गणित साधे असते. त्याचा अर्थ लावणे तेवढे कठीण. समजा, एखाद्या रुग्णालयात रोज सरासरी ४० रुग्ण दाखल होतात आणि प्रत्येक जण सरासरी पाच दिवस राहतो. म्हणजे कोणत्याही दिवशी साधारण २०० खाटा भरलेल्या असणार. हाच सरासरी मुक्काम अर्ध्या दिवसाने कमी झाला तर २० खाटा मोकळ्या होतात, एकही नवी खाट न घेता. आता हा अर्धा दिवस जातो कुठे, हे तुमच्याइतके कोणाला माहीत असेल? डॉक्टर सकाळच्या राउंडमध्ये डिस्चार्ज सांगून जातात, समरी लिहायला दुपार होते, उरलेली औषधे परत केल्याची नोंद राहून जाते, म्हणून बिल अडते, विम्याची मंजुरी यायला संध्याकाळ उजाडते, आणि तेवढा वेळ अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवायचा रुग्ण तिथेच खोळंबतो. इथे हिशेबाचा पुढचा धडा सुरू होतो, आणि तो नवख्या प्रशासकाला हमखास चकवतो. मुक्काम कमी झाला म्हणून खर्च त्याच प्रमाणात कमी होत नाही, कारण पगार, वीज, यंत्रांची देखभाल हे खर्च खाट रिकामी असली तरी चालूच राहतात. शिवाय रुग्णावरचा मोठा खर्च बहुधा पहिल्या काही दिवसांत होऊन गेलेला असतो आणि शेवटचा अर्धा दिवस तुलनेने स्वस्त असतो. फायदा दिसतो तो त्या मोकळ्या खाटेवर वाट पाहणारा दुसरा रुग्ण वेळेत आला तर. हे ज्याला उमगले त्याला ताळेबंद वाचता येईल.

आता नेतृत्वाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची एक तपासणी यादी पुढे आणली. आठ शहरांतील आठ रुग्णालयांमध्ये तिचा वापर करून पाहिल्यावर शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे कॅनडातील ओंटारियो प्रांतात अशा याद्यांचा वापर रुग्णालयांवर बंधनकारक झाला, आणि तेथील १०१ रुग्णालयांच्या आकडेवारीचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. या फरकाच्या कारणांवर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, तरी एक स्पष्टीकरण वारंवार दिले जाते आणि मला ते पटते: यादीवर खुणा होणे वेगळे आणि शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ परिचारिकेने ‘थांबा, ॲलर्जीचे विचारायचे राहिले’ असे सर्जनला सांगू शकणे वेगळे. पहिली गोष्ट परिपत्रकाने होते. दुसरीसाठी कोणाला तरी महिनोन्‌महिने माणसांबरोबर काम करावे लागते.

रुग्णालयात हे अधिकच अवघड असते. व्यवस्थापनशास्त्राचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी अशा संस्थांना ‘व्यावसायिक नोकरशाही’ म्हटले आहे, कारण इथे मुख्य काम करणारे लोक आपापल्या ज्ञानाच्या बळावर बरेचसे स्वायत्त असतात आणि त्यांची निष्ठा संस्थेइतकीच, कित्येकदा संस्थेपेक्षा अधिक, आपल्या व्यवसायाशी असते. प्रशासकाला सर्जनवर हुकूम चालवता येत नाही. त्याला आकडे दाखवून, ऐकून घेऊन, कधी माघार घेऊन मार्ग काढावा लागतो. (दोन वर्षे ड्यूट्या लावताना तुम्ही हेच करत आला आहात, फक्त त्याला कोणी नेतृत्व म्हटले नसेल.) तेव्हा तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की नेतृत्वाचे सिद्धांत वर्गात समजतात, पण सवय लागते ती प्रत्यक्ष प्रश्न अंगावर घेतल्यावर.

याच कसोटीवर अभ्यासक्रम निवडावा. रुग्णालय प्रशासनाचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकागो विद्यापीठात १९३४ साली सुरू झाला, आणि कार्यरत रुग्णालयात अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली काम करण्याची परंपरा या क्षेत्रात जुनी आहे. अमेरिकेत पदवीनंतर एक-दोन वर्षांची प्रशासकीय फेलोशिप करण्याची रीत आजही आहे. म्हणून माहितीपत्रक वाचताना नेतृत्व हा शब्द किती वेळा आला आहे ते पाहू नका. प्रत्यक्ष काम किती आठवड्यांचे आहे, त्या काळात विद्यार्थ्याकडे एखादा ठरावीक प्रश्न सोपवला जातो की तो नुसता विभागांतून फिरतो, मार्गदर्शकाने स्वतः कधी अंदाजपत्रक सांभाळले आहे का, आणि पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज कोणत्या पदावर आहेत, हे विचारा. पदवी मिळताच लागलेल्या नोकरीवरून अभ्यासक्रमाबद्दल फारसे कळत नाही. मान्यता संपूर्ण संस्थेला आहे की नेमक्या त्याच अभ्यासक्रमाला, हेही लेखी विचारून घ्यावे; अमेरिकेतील सीएएचएमई ही आरोग्यसेवा व्यवस्थापनाच्या शिक्षणाची मान्यता-संस्था अशी अभ्यासक्रमनिहाय मान्यता देते.

नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पूर्णवेळ अभ्यासक्रम नुकत्याच पदवीधर झालेल्यांना सोयीचा, कारण त्यांना रुग्णालय आतून पाहायचे असते. तुम्ही ते पाहिलेले आहे. कार्यरत व्यावसायिकांसाठीचा एक्झिक्युटिव्ह अभ्यासक्रम घेतला तर प्रत्येक विषयाचा प्रकल्प स्वतःच्याच रुग्णालयात करता येईल. केवळ ऑनलाइन अभ्यासक्रमाला माझा सरसकट विरोध नाही, पण ज्यात सहाध्यायी आणि मार्गदर्शक यांच्याशी समोरासमोर बसून वाद घालण्याची सोय नाही, तो तुमच्यासाठी अपुरा ठरेल. प्रवेशापूर्वी निदान सहा महिने आपल्या रुग्णालयाच्या गुणवत्ता समितीत काम मागून घ्या. टेबलावरच्या कामाचा तिथेच कंटाळा आला, तर पदवीवरचा खर्च वाचेल आणि रुग्णशय्येजवळचेच काम आपले आहे हे वेळेत कळेल. त्यात कमीपणा काही नाही.

अर्जासोबतच्या निवेदनात सेवाभाव, समर्पण असे शब्द टाळा, कारण निवड समितीपुढे येणाऱ्या बहुतेक अर्जांत ते असतात. त्याऐवजी डिस्चार्जच्या विलंबाची महिनाभर नोंद ठेवा, दाखल करून घेण्याच्या किती विनंत्या खाटेअभावी थांबल्या ते मोजा, आणि तो विलंब कमी करण्यासाठी कोणाशी बोललात, कोणी नकार दिला, पुढे काय झाले, हे रुग्णांची ओळख उघड न करता एका पानात लिहा. शिफारसपत्रांपैकी एक मेट्रनचे असावे आणि दुसरे लेखा किंवा गुणवत्ता विभागातील व्यक्तीचे, म्हणजे स्वतःच्या विभागाबाहेरही तुमचे काम पोहोचते हे समितीला दिसेल.