मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने किती अंतर आहे आणि किती तास लागतात?

साधारण १२,५०० किलोमीटर. थेट विमानाने जाताना १६ तासांच्या आसपास, येताना १४-१५. वरचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून जाताना तो तोंडावर असतो आणि येताना पाठीशी. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली; ती बंद असते तेव्हा त्यांना वळसाही पडतो.

पण आईवडिलांना पाठवायचं म्हणून विचारत असाल, तर या तासांवर जाऊ नका. तिकीट थेट आहे की मध्ये उतरायचं आहे, तेवढंच बघा.

माझ्या बाळंतपणाला आई सांगलीहून आली. वय ७१, गुडघे दुखरे, मराठीशिवाय भाषा नाही. मी म्हणत होते, थेट विमानाने पाठव. दादा म्हणाला, "सोळा तास एका जागी बसवतेस? मध्ये उतरली की पाय मोकळे होतील, पैसेही वाचतील." तिकीट त्याने काढलं. मध्ये दोन तासांचा थांबा. व्हीलचेअरवाल्याने तिला एका कोपऱ्यात बसवलं आणि तो परत आलाच नाही. पुढचं विमान गेलं. फोन होता, पण तिथलं वायफाय मोबाईलवर कोड मागायचं आणि तिचं सिमकार्ड तिथे चालत नव्हतं. अकरा तास ती त्याच कोपऱ्यात, पासपोर्ट रुमालात बांधून मुठीत धरलेला, घरून आणलेली धपाटी खात बसली होती. इकडे मी सातव्या महिन्याचं पोट घेऊन न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाच्या दारात उभी. त्या विमानातले सगळे बाहेर आले, आई नाही.

दुसऱ्या दिवशी आली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपला पिशवीत आणि पायात विमानात मिळालेले मोजे. सांगलीचं घर सोडून तिसरा दिवस होता. दादा अजूनही म्हणतो, "पोचली ना नीट?" नाही, नीट नाही पोचली.

थेट विमान मध्यरात्रीनंतर दीड-दोनला निघालं तर तिथल्या घड्याळाप्रमाणे त्याच तारखेच्या सकाळी पोचतं, कारण न्यूयॉर्क उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. म्हाताऱ्या माणसाला एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. वाचलेले पैसे कुणाच्या पायातून वसूल होतात, ते मी पाहिलंय.

हो, पायात रक्ताची गुठळी होण्याचा त्रास आधी झाला असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा, आणि दर दोन तासांनी उठून चालायला सांगा. तरुणांनी खुशाल थांबे घ्यावेत. थांबा घ्यावाच लागला तर चार तासांपेक्षा कमी नको, आणि सोबत मराठी किंवा हिंदी बोलणारं कुणी असेल असं बघा.

परतीचं तिकीट मी काढलं, थेट. मुंबईला उतरली तेव्हा आईच्या पायात स्वतःच्या चपला होत्या. घ्यायला दादाच गेला होता, त्याने पाहिल्या आहेत. आता दिवाळीनंतर बाबाही येणार आहेत. त्यांचंही तिकीट मीच काढणार.