मृत्युपत्रातून विद्यापीठाला देणगी

प्रश्न : मी निवृत्त प्राध्यापिका आहे. बँकेतील मुदत ठेव माझ्या पश्चात विद्यापीठाला शिष्यवृत्तीसाठी मिळावी अशी इच्छा आहे, परंतु ठेवीवर भाच्याचे नामनिर्देशन आहे. काय करावे?

उत्तर : नामनिर्देशित व्यक्ती बँकेकडून रक्कम स्वीकारते, पण तेवढ्याने तिची मालक होत नाही, म्हणून मृत्युपत्र करावेच. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार त्यावर आपली स्वाक्षरी आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी ऐच्छिक असली तरी केलेली बरी. कुलसचिवांशी आधीच पत्रव्यवहार करून विद्यापीठाचे अधिकृत नाव आणि शिष्यवृत्तीचा विषय स्पष्ट लिहावा, तसेच तो विषय पुढे बंद पडल्यास निधी अन्य विषयासाठी वापरण्याची मुभा ठेवावी, कारण जाचक अटींमुळे (दात्यांना त्यांची फार हौस असते) पैसा पडून राहतो. भाच्याला विश्वासात घेऊन त्यालाच मृत्युपत्राचा व्यवस्थापक (त्याची अंमलबजावणी करणारी व्यक्ती) नेमल्यास उत्तम.